रविवारी लांबडं बघायला चला

मंडळी, दिवाळी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. रब्बीची ज्वारी वर आली आहे, बांधावरचे गवत वाळून खाली बसले आहे आणि सकाळी अंगणात उन्हाला बसावेसे वाटू लागले आहे. रविवारची शाळेला सुट्टी असतेच. तेव्हा या आठवड्याला एक वेगळी सूचना करतो. येत्या रविवारी न्याहारी झाली की पोरेटोरे, सासू, सून, चालवत असेल तर आजोबासुद्धा, अशी सगळी मंडळी बरोबर घ्या आणि आपल्याच शिवारात साप बघायला जा.

हे वाचून आजीबाई कपाळाला हात लावतील हे मला ठाऊक आहे. "दिवेलागणीनंतर ज्याचं नाव घेत नाही, लांबडं म्हणतो, किरडू म्हणतो, त्याला मुद्दाम हुडकायला जायचं? घरात काय कमी आला का तो?" आजींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण आजी, तो आपल्या शिवारात आहेच. आपण हुडकला नाही म्हणून तो कमी होत नाही. फक्त आपल्याला तो कुठे आहे, कोणता आहे, हे कळत नाही इतकेच.

सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर आंबोली आहे. भर पावसात, रात्रीच्या वेळी, शहरातली माणसे बायकामुलांसह बॅटऱ्या घेऊन तिथल्या रानात हिंडतात. कशासाठी? तर बेडूक आणि साप बघायला. झाडाच्या फांदीवर एखादा चापडा दिसला तर दहा माणसे श्वास रोखून उभी राहतात. त्यासाठी ती मंडळी प्रवासाचे, मुक्कामाचे, वाटाड्याचे पैसे मोजतात. आपल्याला बांध आहे, ओढा आहे, विहीर आहे, आणि दमडी खर्च नाही.

पण मी हे नुसत्या मौजेसाठी सांगत नाही. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात बहुतेक खेड्यातली, निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत गेलेली, आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली पोरे. हा आकडा कुणा दुसऱ्यांचा नाही, तुमच्याआमच्या घरांचा आहे. पावसाळ्यात गवत छातीला लागते, चिखल असतो, कामाची घाई असते. तेव्हा शिकायला सवड नसते. शिकायचे ते आत्ता, थंडीत, गवत बसलेले असताना आणि साप उन्हासाठी उघड्यावर येत असताना.

तयारी फारशी नाही. पायात बूट हवेत, चप्पल नको. हातात पुरुषभर काठी, ती मारायला नव्हे, पुढचे गवत हलवायला. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, पोरे मध्ये. कुत्रे घरी बांधा. ते भुंकून सगळे पळवील, नाहीतर स्वतः चावून घेईल. आणि निघण्यापूर्वी पोरांकडून एक वचन घ्या: दिसला की जागच्या जागी थांबायचे, दहा फुटांच्या आत जायचे नाही, हात लावायचा नाही, खडा मारायचा नाही, मेलेला दिसला तरी उचलायचा नाही. हे ज्याला जमणार नाही त्याला त्या दिवशी घरी ठेवा. रडला तरी चालेल.

वेळ महत्त्वाची. साप थंड रक्ताचा प्राणी. त्याच्या अंगात ऊब बाहेरून येते. थंडीच्या पहाटे तो बिळात गारठून पडलेला असतो. ऊन चांगले तापले की तो बिळाच्या तोंडाशी, बांधाच्या उगवतीकडच्या अंगाला, दगडावर येऊन पसरतो. म्हणून साडेआठ-नऊच्या आधी निघण्यात अर्थ नाही. दोन तास हिंडलात की पुरे.

आता बघायचे कसे? तर सापाकडे बघत हिंडू नका, इतर गोष्टींकडे बघा. पहिल्याने कान द्या. साळुंक्या, सातभाई, खारी एका झुडपाभोवती जमून एकसारखा कालवा करू लागल्या की समजा तिथे साप आहे, नाहीतर मांजर किंवा घुबड. पाखरांइतका चांगला राखणदार नाही. मग जमिनीकडे बघा. पायवाटेच्या बारीक फुफाट्यात सरपटल्याचा माग उमटतो, तो मुलांना चटकन दिसतो. दगडी तालीच्या फटीत, बोरीबाभळीच्या बुडाशी, वारुळाच्या तोंडाशी कात सापडते.

कात सापडली तर बसा तिथेच, घाई करू नका. ती काठीने बाजूला घ्या, आत काही नाही ना बघा, आणि मग पोरांपुढे पसरा. साप तोंडाच्या टोकापासून कात टाकतो आणि मोजा उलटा काढावा तशी ती उलटी निघते. ताणलेली असते, म्हणून कातीवरून मापलेली लांबी खऱ्या सापाहून जास्त भरते. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक चकत्या दिसतील. सापाला पापणी नसते, त्या चकत्याच डोळ्याचे झाकण, आणि त्यासुद्धा कातीबरोबर निघतात. पोटाकडचे खवले रुंद, एकापुढे एक पट्ट्यांसारखे. त्यांच्या जोरावर तो चालतो. गुळगुळीत फरशीवर सोडला तर बिचाऱ्याची फजिती होते. एक कात हातात घेऊन मुलाला जे कळते ते पुस्तकातल्या चार पानांनी कळत नाही, असे माझे मत आहे.

आता दिसेल काय? भारतात तीनशेच्या वर जातींचे साप आहेत, पण आपल्या शिवारात वारंवार भेटणारे आठ-दहाच. विहिरीत डोकावाल तर पायरीवर किंवा पाण्यात मान वर काढून दिवड असेल. अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे चौकोन, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेषा. चिडका आहे, चावायला मागेपुढे बघत नाही, पण त्याला विष नाही. मासे आणि बेडूक हा त्याचा आहार. ओढ्याच्या ओल्या गवतात नानेटी भेटते, अंगावर दोन पिवळसर पट्टे, स्वभाव गरीब. कुंडीखाली, शेणखताच्या ढिगात गांडुळासारखा काळा वळवळणारा वाळा सापडतो. मुले त्याला गांडूळच म्हणतील. तोही साप, आणि तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो.

आणि धामण. हिच्याविषयी जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त अन्याय हिच्यावर होतो. सहा-सात फूट लांब, पिवळट-तपकिरी, चाहूल लागताच सपकन निघून जाणारी. मोठी दिसते म्हणून आधी तिच्या डोक्यात काठी बसते. तिला विष मुळीच नाही. ती गोठ्यात येते ती गाईचे दूध प्यायला, पायाला विळखा घालून सड ओढते, असे गावोगाव सांगतात. मंडळी, सापाला ओठ नाहीत, चोखता येत नाही. दात आत वळलेले आणि सुईसारखे. असे दात सडाला लागले तर गाय उभी राहील का? लाथ घालील. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. पेंडीच्या पोत्यामागे, कणगीखाली उंदीर असतो म्हणून ती येते. मांजराला शिरता येत नाही त्या बिळात ती शिरते आणि पिलांसकट घर साफ करते. धामण मारणारा शेतकरी आपला बिनपगारी राखणदार मारतो, आणि नंतर उंदराचे औषध आणायला दुकानात जातो.

दुसरी समजूत अशी की धामण ही नागाची मादी, आणि दोघांचे जुगताना दर्शन झाले तर त्यांच्यावर नवा कपडा टाकावा, घरात लक्ष्मी येते. नागाची मादी नागीणच असते, धामणीत धामण नर वेगळा आणि मादी वेगळी. आणि पिळा घालून, अर्धे अंग उभे करून जे नाचताना दिसतात, ते बहुतेक वेळा नर-मादी नसतातच. दोन नर असतात, आणि ती कुस्ती असते. जो दुसऱ्याला खाली दाबतो तो जिंकतो, हरलेला निघून जातो. चावत नाहीत. पैलवानी बघायची हौस आहे त्यांनी ही कुस्ती लांबून जरूर बघावी, पण उपरणे टाकायला जवळ जाऊ नये. लांबून दिसते ते खरेच धामण की आणखी कोणी, याची खात्री नसते.

मांडूळ दिसले तर मात्र गावात फार बोलू नका. जाड, बोथट शेपटीचे, तांबूस मातकट, अगदी निरुपद्रवी जनावर. शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून त्याला दुतोंडी म्हणतात आणि त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, लाखो रुपये मिळतात अशा थापा मारणारे लोक हिंडत असतात. हे पैसे देणारे कधी दिसत नाहीत. गोवले जाते ते पकडून देणारे गरीब पोर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सापाला पकडणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे.

आता ज्यांच्यासाठी एवढी पायपीट करायची ते चौघे. नाग सगळ्यांना ओळखू येतो, पण तो फणा काढील तेव्हाच. फणा मिटलेला असताना तो साध्या तपकिरी सापासारखा दिसतो. आणि काहींच्या फण्यावर दहाचा आकडा नसतोही. म्हणून आकडा नाही, नाग नाही, असे म्हणू नका.

घोणस जाड, सुस्त, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके तीन ओळींत, डोके तिकोनी. ती कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार टाकते. एकदा ऐकला की विसरत नाही. धोका हा की ती पळत नाही. माणूस आला तरी गवतात पडून राहते आणि पाय पडला की विजेसारखी चावते. ती अंडी घालत नाही, पिले जन्माला घालते, एका वेळी वीस-तीस, कधी जास्तही, आणि ती पिले पहिल्या दिवसापासून विषारी. पावसाळ्याच्या तोंडाशी बांधावर वीतभर ठिपक्यांचे पिलू दिसले तर पोरे अजगराचे पिलू म्हणून हातात घेतात. हे पोरांना दहा वेळा सांगा. ठिपक्यांचे पिलू हातात घ्यायचे नाही, मग ते कुणाचेही असो.

फुरसे लहान, हात-दीड हातापलीकडे जात नाही. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यायला नको. कातळावर, दगडाखाली असते. डिवचले की अंगाची वळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढते. तिथल्या मंडळींनी दगड उचलताना तो आपल्याकडे ओढू नये. पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे दगडाखालचे जे असेल ते समोर, पलीकडे निघून जाते.

राहिला मण्यार, आणि तो तुम्हाला रविवारच्या फेरीत दिसणार नाही. तो रात्रीचा. दिवसा विटांच्या ढिगात, भिंतीच्या भेगेत गुंडाळून पडतो. काळानिळा चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, पुष्कळदा जोडीजोडीने, मानेपाशी पट्टे नसतात किंवा पुसट, शेपटीकडे ठळक. याच्यासारखाच कवड्या असतो, तो बिनविषारी आणि भिंतीवर चढणारा. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. पण मंडळी, हा फरक माहिती म्हणून ध्यानात ठेवा. रात्री बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांनी पट्टे मोजत बसू नका. पट्ट्यांचा काळा साप घरात दिसला की तो मण्यारच धरून चालायचे.

मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो आणि कुशीवर वळताना दाबला गेला की चावतो. दात इतके बारीक की डास चावल्यासारखे वाटते. सूज नाही, आग नाही, कधी खूणही दिसत नाही. माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. घरचे म्हणतात, काल काही वेडेवाकडे खाल्ले असेल. ओवा देतात, हिंग चोळतात, आणि वेळ निघून जाते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या पडणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर खूण असो वा नसो, सर्पदंश समजून दवाखाना गाठा. या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

म्हणून फेरीचा शेवटचा भाग आपल्या घराभोवती करा. आता पोरांची नजर तयार झालेली असते, त्यांनाच विचारा: तू साप असतास तर इथे कुठे राहिला असतास? ती बरोबर दाखवतील. भिंतीला टेकलेले सरपण, गोवऱ्यांचा हुडवा, पडलेली कौले, मोरीचे जाळी नसलेले तोंड, दाराखालची दोन बोटांची फट. सरपण घरापासून दूर आणि जमिनीपासून उंच रचा. गोवरी घ्यायला हात घालण्यापूर्वी काठीने ढीग ठोका. हे काम आपल्याकडे बायकांच्या आणि पोरींच्या वाट्याला येते, म्हणून घरच्या पुरुषांनी काठी हुडव्याजवळच ठेवून द्यावी. निजायला बाज असेल तर उत्तम. नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारालाही अडवते. रात्री परसाकडे जाताना बॅटरीवाचून पाऊल टाकू नका.

आणि दंश झालाच तर? कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरीने घट्ट आवळायचे नाही. आवळल्याने पाय गमावलेली माणसे आहेत. अंगठी, जोडवी, कडी काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून मोडलेल्या हाडासारखा निश्चल ठेवा, माणसाला चालवू नका, धीर द्या, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविषाचे इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर चालते. त्या धडपडीत दुसऱ्याला दंश होतो.

देवळात नेऊन बसवण्याविषयी मला कडक बोलावे लागेल. मांत्रिकाकडे उतरलेले बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात, किंवा विषारी सापाने विष न सोडता केलेले. ते मंत्राशिवायही उतरले असते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे त्याचा तिथे बसलेला एकेक तास त्याच्या आयुष्यातून जातो. नवस बोलायचा तर गाडीत बसून बोला. देव तिथेही ऐकतो.

पोरे विचारतील, हे औषध होते कशाचे? सांगा की सापाच्याच विषाचे. तामिळनाडूत इरुळा नावाचे आदिवासी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे. १९७० च्या दशकात सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर त्यांनी १९७८ साली सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, त्याचे विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. ते विष थोडथोडे घोड्याला टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते, आणि त्यापासून इंजेक्शन बनते. मुंबईला परळच्या हाफकिनमध्ये हे काम फार वर्षे चालत आले आहे.

ज्यांना पहिल्याने सुरक्षित जागी साप दाखवायचे असतील त्यांनी पुण्याला गेल्यावर कात्रजच्या सर्पोद्यानात पोरांना न्यावे. ते १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. याच खैऱ्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले होते. साप विनाकारण चावत नाही, डूख धरून पाठलाग करत नाही, हे लोकांना पटावे म्हणून. पोरांना ही गोष्ट जरूर सांगा, पण त्याबरोबर हेही सांगा की त्यामागे सापांचा मोठा अभ्यास होता. हल्ली गळ्यात नाग घालून मोबाईलवर फोटो काढणारे हौशी दिसतात. त्यांना सर्पमित्र म्हणू नये. खरा सर्पमित्र साप पिशवीत घेतो आणि गर्दी हटवतो. अशा माणसाचा नंबर, आणि वनखात्याचा १९२६ हा नंबर, दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.

पहिल्या रविवारी बहुधा काहीच दिसणार नाही. एखादी कात, एखादा माग, विहिरीत दिवड. पोरे हिरमुसतील. त्यासाठी फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून घ्या, ओढ्याकाठी करंजाच्या सावलीत सोडा. बसण्यापूर्वी जागा काठीने झोडपून घ्या. शाळेची एखादी अर्धी कोरी वही मुलीच्या हाती द्या आणि तारीख, वेळ, जागा, काय दिसले एवढे तिला लिहू द्या. संक्रांतीपर्यंत आठ-दहा फेऱ्या झाल्या की कोणत्या बांधाला कोण राहतो ते त्या वहीत दिसू लागेल. जूनमध्ये भात लावायला, भांगलायला माणसे शेतात उतरण्याच्या आदल्या रात्री तीच वही तिला सगळ्यांना वाचून दाखवायला सांगा.